झोळीतून काढलेली छागल

माझ्या तोंडचा एक शब्दही तुम्ही जिवंतपणी ऐकला नाही. आता ऐका. आता तुम्हाला उठून दुसरीकडे जाता येणार नाही.

काल तुमची तेरवी झाली. गावातले पुरुष ओसरीवर बसून सांगत होते की असा नेमाचा शिकारी या भागात झाला नाही. मादीवर कधी बंदूक उचलली नाही, घायाळ जनावर कधी रानात सोडलं नाही. खरं असेल. मी आत चुलीपाशी होते, मला बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. बायका म्हणत होत्या, धाकटीनं झोळी भरली आणि पाणीच दिलं नाही. वैशाखाच्या उन्हात धडधाकट माणूस पाण्यावाचून गेला.

धाकटी म्हणजे मी, तुमच्या धाकट्या भावाची बायको. तुमची शिकारीची झोळी मी भरत होते हे सगळ्या गावाला माहीत आहे. झोळीतून काय निघत होतं, कोण काढत होतं आणि कुठं ठेवत होतं, हे मला आणि तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तर गेलात. माझ्यावर हा आळ आला आणि तुम्ही तिकडे स्वस्थ.

तुम्ही माझे भासरे. भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर उभं राहायचं नाही, त्याच्या हातात हातानं वस्तू द्यायची नाही, हे सगळं माझ्या आईनं लग्नाआधीच पढवून पाठवलं होतं. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या साली मी या घरात आले. तेव्हापासून तुमचा चेहरा मी नीट पाहिला तो तुम्हाला बाजेवर घालून आणलं त्या संध्याकाळी. हनुवटीवर जुन्या जखमेचा व्रण आहे हे मला तेव्हा कळलं. त्याआधी मला तुमचे फक्त पाय माहीत होते, आणि हात.

झोळी आधी जाऊबाई भरत. तुमची बायको ती, तिचंच काम. पण एकदा ती काड्यापेटी विसरली आणि तुम्ही दिवसभर बिडीवाचून रानात राहिलात. परत आल्यावर जे बोललात ते बोललात. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "धाकटी चौथी शिकली हाय. तिच्या ध्यानात राहीन. आजपासून झोळी तिच्याकडं."

तुम्ही ओसरीवर होता. माझ्याशी बोलता येत नाही म्हणून तुम्ही भिंतीला म्हणालात, "म्हणजे आता माह्या झोळीत शाळा भरन."

ते तुमचं माझ्याशी पहिलं बोलणं. पुढंही तसंच चाललं. काही सांगायचं असलं की तुम्ही भिंतीला सांगायचे, भिंत नसली तर पाखऱ्या बैलाला. मला तर भिंतीशीही बोलायची सोय नव्हती, सुनेचा आवाज ओसरीपर्यंत जाता कामा नये. म्हणून मी उत्तर झोळीतून देऊ लागले. झोळी भरायची, ओसरीच्या खुंटीला अडकवायची आणि तुम्ही यायच्या आत घरात व्हायचं. तुम्ही आलात की ती त्याच खुंटीवर परत यायची. त्या खुंटीवर आपण जेवढे भांडलो तेवढं या गावात कोणी भांडलं नसेल.

लसणाचं आठवतं का? पहिल्याच महिन्यात तुम्ही भिंतीला बजावलं, "भिंतीनं ध्यानात ठेवावं. ठेच्यात लसूण टाकला का डुकराले चार वावरं ओलांडून वास येते. रिकाम्या हातानं आलो मी आज."

सासूबाई आतून म्हणाल्या, "मंग उपाशी जात जाय."

पुढच्या वेळी मी ठेच्यात लसूण टाकला नाही. मीठही टाकलं नाही. संध्याकाळी तुम्ही परत आलात, पाय धुतले आणि भिंतीसमोर उभे राहिलात. "भिंतीले विचारा, मिठाले बी वास येते का म्हणून." जाऊबाई पदर तोंडात कोंबून हसल्या. मी हसले नाही. माझं बरोबर होतं, तुम्ही मिठाचं काही सांगितलं नव्हतं.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात तुम्ही यवतमाळहून तो खाकी पिठ्ठू घेऊन आलात. पलटणीतल्या शिपायांचा, पाठीवर दोन पट्ट्यांनी बांधायचा, जुना. गावभर मिरवलात. लोखंडाची बक्कलं, त्याला ढीगभर कप्पे. तुम्हाला वाटलं बाईनं शिवलेल्या झोळीची कटकट संपली. मी त्यात सामान भरलं आणि उचलून पाहिला तर प्रत्येक बक्कल वाजत होतं. रानात जाणाऱ्या माणसानं घुंगरं बांधावीत तसा. मी जुन्या लुगड्याच्या चिंध्या करून एकेका बक्कलाला गुंडाळल्या. तुम्ही ओसरीवर बसून त्या एकेक सोडून टाकल्या. "मिलटरीचं सामान हाय, बाहुली नाई," पाखऱ्याला म्हणालात.

तीन खेपा तुम्ही तो पिठ्ठू नेला आणि तितरसुद्धा आणला नाही. तुम्ही वाऱ्याला दोष दिला. मला तो पिठ्ठू धुताना कळलं. डाव्या पट्टीवर, बरोबर खांद्याच्या जागी, बंदुकीच्या दस्त्याचं तेल लागलं होतं. तुम्ही डावखुरे. बंदूक डाव्या खांद्याला लावता आणि नेमकी तिथंच ती जाड पट्टी येते, दस्ता बसतच नाही. तुम्ही डावखुरे आहात हे तुमच्या भावाला विचारलं तर तो विचार करून सांगेल. मला विचार करावा लागला नाही. मी दुसरं काही पाहतच नव्हते.

मग मी झोळी शिवली. जाड मांजरपाटाचं दुहेरी कापड, वर तरटाचा तळ. एकच रुंद पट्टा, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेवर येणारा, म्हणजे डावा खांदा मोकळा. पुढच्या अंगाला काडतुसांचा कप्पा, जिथं डावा हात आपोआप पडतो. बक्कल नाही, बंद. ती खुंटीला अडकवली आणि पिठ्ठू धान्याच्या कोठीमागं टाकून दिला. तुम्ही दिवसभर ओसरीवर येऊन झोळीकडं न पाहता गेलात. दुसऱ्या दिवशी घेऊन गेलात. चितळ मारून आणलं. त्या दिवशी भिंतीला काही बोलला नाहीत. भिंतीनं काही चांगलं केलं की तुमची वाचा जायची.

लोकांना वाटतं झोळी भरणं म्हणजे सामान कोंबणं. तुम्हालाही तसंच वाटत होतं. कोणती वस्तू कधी लागेल ते आधी डोळ्यांपुढं आणावं लागतं. दोरी आणि सुरी तळाशी, कारण ती जनावर पडल्यावरच लागतात. त्यावर हळदीची पुडी, काटा काढायची सुई, जखमेला बांधायची पट्टी. लागू नयेत अशा वस्तू, पण लागल्या तर अंधारातही हाताला याव्यात म्हणून नेहमी एकाच कोपऱ्यात. भाकर मधे, म्हणजे दबत नाही आणि झोळी कमरेवर टोचत नाही. काड्यापेटी डब्यात, डबा कापडात, म्हणजे वाजत नाही. कांदा वरच्या चुण्यांत, उन्हासाठी. मी रान कधी पाहिलं नाही. सरपणाला जाणाऱ्या मोळीवाल्या बायका रान पाहतात, घरच्या सुना पाहत नाहीत. पण झोळी भरताना मी तुमच्या मागोमाग चालत होते. नाला उतरत होते, धावड्याच्या झाडाखाली बसत होते, तुम्हाला भूक कधी लागते ते मला माहीत होतं. कोणाला सांगितलं असतं तर भलताच अर्थ काढला असता. तुम्ही एकट्यानं शिकार करता असं गाव म्हणायचं. खोटं आहे ते.

आणि तुम्ही काय केलं? दर वेळी माझी ठेवण मोडून झोळी परत आणली. दोरी वर, भाकरीचं फडकं काडतुसांत, हळद सांडलेली. जाणूनबुजून. चालताना सुरी उडी मारून वर येत नाही.

एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे, नाहीतर मीच खोटी ठरेन. मला दिवस गेले तेव्हा पोटात अन्न ठरत नव्हतं. भाकरीचा वास आला की उठून जावं लागायचं. तेव्हा एकदा झोळी रिकामी करताना तळाशी, दोरीच्याही खाली, पळसाच्या पानांत बांधलेली टेंभरं निघाली. पिकलेली, एकही चेचलेलं नाही. टेंभुर्णी आपल्या शिवारात नाही, पार सागवानाच्या पलीकडं आहे. तुम्ही ओसरीवरून भिंतीला एवढंच म्हणालात, "झोळी झटकून घ्या म्हणा, कचरा लय झाला तळाशी." मी गोठ्यामागं उभं राहून ती सगळी खाल्ली. ती पोटात राहिली. पुढंही येत राहिली, मुलगी होईपर्यंत. एकाही वेळी तळाशी ठेवलेली टेंभरं चेचली नाहीत. म्हणजे झोळी कशी लावायची ते तुम्हाला चांगलं येत होतं. हे मी त्या वेळीच ओळखलं आणि तेव्हापासून तुमचा जास्त राग आला.

मग काडतुसांचा प्रकार झाला. माझी छागल मी आधी झोळीच्या पुढच्या अंगाला बांधत असे, हाताशी यावी म्हणून. जाड कापडाची ती पाण्याची पिशवी, पाझरते म्हणूनच पाणी गार राहतं. काडतुसाचं अंग कागदाचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? भिंत? त्या दिवशी तुरीच्या वावरात डुक्कर तुमच्यासमोर उभं राहिलं आणि फुगलेलं काडतूस नळीत शिरेना. डुक्कर तुमच्याकडं पाहून चालत निघून गेलं. तुम्ही घरी येऊन ती ओली काडतुसं ओसरीच्या कडेला रांगेनं मांडलीत, येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहावीत म्हणून.

"भिंतीनं डुकराचा जीव वाचवला," म्हणालात. "डुकराचे पिल्लं भिंतीले दुवा देतीन."

सारा गाव हसला. आर्णीच्या बाजारातही कोणीतरी तुमच्या भावाला विचारलं म्हणे, तुमच्या घरची भिंत बरी आहे का?

मी छत्रीवाल्याकडून मेणकापडाचा तुकडा मागवला. काडतुसांच्या कप्प्याला आतून मेणकापड लावलं. छागलीचा फासा पुढून काढून मागच्या बाजूला नेला, तिथंही मेणकापडाची झडप शिवली. मग भरलेली छागल दिवसभर लटकवून ठेवली आणि कप्प्यात बिडीचं बंडल टाकलं. संध्याकाळी बिडी काढून तुमच्या भावाला दिली, ती पहिल्याच काडीला पेटली. पाण्याची आणि काडतुसाची सोयरीक मी तोडून टाकली होती. तुम्हाला मी कसं सांगणार होते? सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगतो." सांगितलंही असेल. तुम्ही कप्प्यात बोट घालून पाहिलं असतं तरी कळलं असतं.

तुम्ही पाहिलं नाही. तुम्ही छागलच काढू लागलात. भिंतीला सांगूनही नाही, चोरून. खुंटीवरची झोळी घ्यायची, गोठ्यात शिरायचं, छागल काढायची, वास येतो म्हणून कांदाही काढायचा, दोन्ही कडब्याच्या गंजीमागं खुंटाला अडकवायचं आणि मागल्या दारानं निघायचं. मला शेण काढताना ती सापडली. खाली जमीन ओली झाली होती, म्हणून वर पाहिलं. मी ती घरात आणली. पुढच्या वेळी पुन्हा भरून बांधली. तुम्ही पुन्हा काढली. मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं, कारण गोठ्यात ठेवलेली छागल दर वेळी आपल्या पायांनी झोळीवर येत नसते. हिवाळ्यात चाललं, पावसाळ्यात चाललं. नाल्याला पाणी असायचं. तुम्ही ओंजळीनं प्यायचे आणि मनात म्हणत असाल, जिंकलो.

या वैशाखात एका डुकरानं नाल्याकाठी सरपण गोळा करणाऱ्या बाईची मांडी फाडली. गावानं तुम्हाला सांगितलं, या जनावराचं काही करा. त्याच मोळीवाल्या बायका आपल्या विहिरीवर पाणी प्यायला थांबल्या होत्या, त्या मला म्हणाल्या की यंदा नाला पार खडखडीत आहे, डोहातसुद्धा चिखल राहिला. मी सासूबाईंना सांगितलं, त्यांना सांगा नाल्यात पाणी नाही. त्यांनी माझ्यादेखत, म्हणजे मी दाराआड असताना, सांगितलं. आणि तुम्ही पाखऱ्याला विचारलंत, "काय रे, चौथी पास बाया आता नाले बी पाहून येतेत का?"

बैलानं उत्तर दिलं नाही. तोच तुमच्यापेक्षा शहाणा.

त्या दिवशी उजाडताच मी झोळी खुंटीला लावली. छागल गळ्यापर्यंत भरून बांधली होती. दोन कांदे टाकले होते. दाराच्या फटीतून मला तुमचे पाय दिसले, गोठ्यात गेले आणि मागल्या दारानं निघाले. भरलेली छागल असली की झोळी मागं ओढते आणि तुमचा उजवा खांदा पुढं येतो, पाय जड पडतो. त्या दिवशी तुम्ही सरळ, हलके चालत होता. मला कळलं.

शिकारीला निघालेल्या माणसाला मागून हटकायचं नाही. भासऱ्याला तर हाक मारायचीच नाही. माझ्या हातात लोटा होता. मी तो पळीनं बडवला. मोठ्यानं, वारंवार. सासूबाई धावत आल्या, काय झालं म्हणून. तुम्ही थांबलात. मागं न वळता, दाव्याला बांधलेल्या पाखऱ्याला म्हणालात, "भिंतीले म्हणा, भांडे कायले वाजवून राह्यली? डुक्कर आर्णीले पळून जाईन." आणि हसत निघून गेलात.

ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. तेही बैलाशी.

मी तेव्हा ओरडायला हवं होतं असं म्हणणारं कोणी भेटलं तर त्याला मी विचारीन, तुम्ही का वळला नाहीत? घरात मोठे तुम्ही. रीत मोडायचा अधिकार असलाच तर तुमचा होता. एकदा म्हणायचं होतं, "बाई, काय म्हणणं हाय तुझं?" मान मोडली असती का तुमची? बंदूक घेऊन डुकरापुढं उभं राहायला भीत नव्हता. धाकट्या भावाच्या बायकोचं एक वाक्य ऐकायला भ्यालात.

तुमच्या भावानं आणि गावातल्या दोघांनी तुम्हाला दिवस कलताना शोधलं. डुक्कर तुम्ही सकाळीच घायाळ केलं होतं आणि तुमच्या नेमाप्रमाणं भर उन्हात त्याच्या रक्तामागं चालत राहिलात. नेम. जनावराला तडफडत सोडायचं नाही म्हणून स्वतः तडफडलात. ते तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर मरून पडलं होतं. तुम्ही नाल्याच्या रेतीत पाण्यासाठी झिरा खणायला बसला होता, तिथंच कलंडला होता.

तुम्हाला बाजेवर ठेवलं तेव्हा सगळ्यांनी तुमच्या तोंडाकडं पाहिलं. मी आधी हातांकडं पाहिलं. नखांत रेती होती. डाव्या हाताच्या बोटांची टोकं सोलली होती. सुरीनं खणून भागलं नाही म्हणून हातांनी खणलं. ते हात मी ओळखत होते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या हातांना काय लागेल याचाच विचार करत होते. आणि त्यांना शेवटी काय लागत होतं ते गोठ्यात कडब्यामागं लटकत होतं, भरलेलं.

झोळी तुमच्या भावानं खुंटीवर ठेवली. भाकर तशीच होती. मागचा फासा रिकामा होता आणि तुमच्या डावखुऱ्या गाठीनं नीट बांधून ठेवला होता. झोळीला हात लावायला घरात कोणी तयार नव्हतं, म्हणून ती गाठ फक्त मी पाहिली.

जाऊबाईंनी सगळ्यांपुढं विचारलं, "पाणी नव्हतं याच्यात?"

कोणीतरी म्हणालं, नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. चार माणसांत बोलायची मला सवय नाही, ती मोडली तुम्हीच. आणि बोलून काय म्हणणार होते? की तुमचा माणूस हट्टानं मेला? त्याचं अंग अजून बाजेवर असताना, त्याच्या बायकोला? रात्री मी तुमच्या भावाला तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे. मेलेल्या माणसाचं कायले काढतं?"

म्हणजे मेलेल्याचं काढायचं नाही आणि जिवंत बाईचं काढलं तर चालतं.

काल पंगतीत मी पाणी वाढत होते. जाऊबाईंच्या पुढं गेले तर त्यांनी पेल्यावर हात ठेवला. "मले तुह्या हातचं पाणी नको. ज्याले द्यायचं होतं त्याले तं देल्लं नाई." सगळी पंगत ऐकत होती. पुढच्या बाईनंही पेल्यावर हात ठेवला, मग तिच्या पुढचीनं. मी तांब्या घेऊन उभी होते. तुम्हाला हे काय असतं ते कळणार नाही. गावात ज्या बाईच्या हातचं पाणी कोणी घेत नाही ती बाई गावात असून नसते. उद्या माझ्या मुलीला कोणी विचारलं, तुझी आई कोण, तर ती काय सांगेल?

पंगत उठल्यावर मी गोठ्यात गेले. कडब्यामागं छागल तशीच होती, वाळून पापडासारखी कडक झालेली. पाणी केव्हाच पाझरून गेलं होतं. दोन्ही कांदे खाली पडून कोंब फुटले होते. मी ती विहिरीवर नेली, भिजवली, मऊ झाल्यावर भरली. आणि ओसरीच्या खुंटीला, झोळीशेजारी लटकवून दिली. त्या खुंटीवरच मी आजवर बोलत आले होते. दुसरं मला येत नाही.

आज सकाळी मी अंगण झाडत होते. जाऊबाई ओसरीवर आल्या आणि खुंटीसमोर थांबल्या. खाली सारवलेल्या जमिनीवर पाण्याचं वर्तुळ झालं होतं.

"कुठं होती हे?"

मी झाडू खाली ठेवला. "कडब्यामागं. ते ठेवत तिथं."

मला वाटलं आता ओरडतील. मग हळूच म्हणाल्या, "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"तिथं ठेवतेत हे. बैलाले कडबा कोण टाकते? मीच ना." त्या ओसरीच्या कडेला बसल्या. "त्या दिवशी सकाळी बी पाह्यली मी. ओली होती. म्हटलं, पुरुषाचं मन हाय. कोण सांगन त्याहिले."

मी ओसरीजवळ गेले. "मंग बाई, मले काहून बोलल्या? भर पंगतीत?"

"त्याहिले कशी बोलू व मी?" त्या एकदम म्हणाल्या. "आता गेले तं त्याहिलेच शिव्या देऊ? लोक काय म्हणतीन? तोंडातून निघतच नाई. अन् कोणाले तरी दिल्याबिगर राहवत बी नाई."

मला काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, "त्याहिले मी देते शिव्या. मले येतेत."

जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. डोळे पुसले. "दे," म्हणाल्या. "माह्याकडून बी दे."

मग उठून त्यांनी छागल काढली, तोंडाला लावली आणि थांबत थांबत बरंच पाणी प्यायल्या. पुन्हा खुंटीला लावून टाकली. दुपारी भेटायला आलेल्या बाया सासूबाईंपाशी बसल्या होत्या. जाऊबाईंनी आतल्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "धाकटे, पाणी आण व सगळ्याइले. तुह्या हातानं आण." मी नेलं. पहिला पेला त्यांनी घेतला. मग बाकीच्यांनी घेतला. कोणी काही विचारलं नाही, जाऊबाईंनी काही सांगितलं नाही. तुमची अब्रू राहिली. ती आम्ही दोघींनी राखली, तुम्ही नाही.

म्हणून मी हे लिहायला बसले. तिच्याकडूनही द्यायच्या आहेत.

तर ऐका. तुम्ही अडेल होता. तुम्ही भित्रे होता. मिठाला वास नसतो हे तुम्हाला माहीत होतं. मेणकापड कोरडं राहतं हे तुम्हाला कळायला हवं होतं. टेंभरं तळाशी इतकी जपून ठेवणारा हात एक छागल मागं बांधून घेऊ शकत होता. तुमची बायको आता कडबा टाकायला जाते तेव्हा त्या खुंटाकडं पाहत नाही. तुमचा भाऊ बंदूक पुसतो आणि ठेवून देतो. पाखऱ्या सकाळी मागल्या दाराकडं मान करून उभा राहतो, त्याला वाटतं आता कोणीतरी बोलेल. आणि मला अजूनही भाकर करताना तुमच्यापुरता ठेचा बिनलसणाचा वेगळा काढायची सवय गेली नाही. याचं काय करायचं ते सांगायला भिंत उरली आहे फक्त, आणि ती तुमच्यासारखीच गप्प आहे.

तुमची झोळी मी परत लावली आहे. दोरी आणि सुरी तळाशी, सुरीची रेती धुऊन. हळद, सुई, पट्टी त्यांच्या कोपऱ्यात. काड्यापेटी डब्यात. कांदा वर. तुम्ही बांधलेली ती डावखुरी गाठ मी सोडली आणि माझी बांधली. छागल भरून मागच्या फाशाला लावली आहे. कप्पा कोरडा आहे, बोट घालून पाहा. झोळी खुंटीवर आहे.

आता काढून दाखवा.